ओटीवरून जिना

खोली बघायला गेलो त्या दिवशी मालकांनी माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, नोकरीही विचारली नाही. ओटीवरच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसल्या बसल्या त्यांनी आतल्या जिन्याकडे बोट केलं आणि म्हणाले, "वर जाऊन ये."

मी वर गेलो. खोलीला कुलूप होतं. खाली येऊन तसं सांगितलं, तर मालक डोळे मिटून बसलेले.

"माना म्हायती हाय," ते म्हणाले. "परत जा. आनी असा चोरावानी नको चालू. घरी चालतस तसा चाल."

मी पुन्हा वर गेलो, पुन्हा खाली आलो. मालकांनी डोळे उघडले आणि किल्ली दिली. नंतर कळलं की माझ्याआधी त्याच खोलीसाठी एका बँकेतले अधिकारी आले होते. चांगले कपडे, चांगली बोली, बरोबर कुणाची तरी शिफारस. मालकांनी त्यांना दोनदा जिना चढायला लावून परत पाठवलं. कारण विचारलं, तर म्हणाले, "टाच आपटतो. असा मानूस घरान भांडतो." आजवर मी पाहिलेल्या मुलाखतींत उमेदवाराला खोटं बोलायची संधी न देणारी ही एकच.

घणसोली गावातलं हे घर कागदावर काढून दाखवायला कठीण आहे. पुढे गल्लीकडे तोंड करून त्यांचं जुनं कौलारू घर: ओटी, माजघर, स्वयंपाकघर. मागे जिथं परस होतं तिथं तीन मजले उभे. शेतजमीन नव्या शहरात गेल्यावर मालकांनी ते एकेक करून चढवले आणि प्रत्येक मजल्याला त्या त्या वेळी दुकानात जी उरली होती ती लादी बसवली. दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती चिकटलेल्या. वर जायचा जिना होता स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातून. म्हणजे वरच्या सगळ्या भाडेकरूंना, त्यांच्या पाहुण्यांना, गॅसच्या सिलिंडरला आणि ऑनलाइन मागवलेल्या बिर्याणीला मालकांच्या ओटीवरून, माजघरातून आणि फोडणीच्या वासातून जावं लागायचं.

इमारतीच्या मागच्या भिंतीपलीकडे आता सेक्टरचा रुंद रस्ता आहे, त्यावर टॉवर आहेत, टॉवरखाली केकची दुकानं आहेत. मालक त्या बाजूला "खाजन" म्हणत. त्यांच्या लहानपणी तिथं खारं पाणी यायचं. "पोऱ्यानं गारी खाजनान लावली" असं ते मुलाच्या गाडीबद्दल सांगत. नवा भाडेकरू हे ऐकून घाबरा व्हायचा.

खाजणात घर उघडायचं तरी कशाला, हा त्यांचा प्रश्न. मागून जिना काढावा म्हणून मुलगा बरीच वर्षं त्यांच्या मागे होता. मुलाचे ट्रेलर जासईच्या कंटेनर यार्डावर चालतात. जड वस्तू इकडची तिकडे हलवणं हा त्याचा धंदाच. पण बापाला हलवणं त्याला जमलं नव्हतं. तो एकदा इंजिनियर घेऊन आला. मालकांनी इंजिनियरला चहा पाजला, जिना चढायला लावला आणि याचा डावा गुडघा दुखतो असं निदान करून रवाना केलं. ते खरं निघालं, ही गोष्ट मुलाने आम्हाला फार चिडून सांगितली.

मालकांचं म्हणणं थोडक्यात असं: जो आमच्या ओटीवरून जातो तो आमच्या घरातला. जो मागून चढेल तो कुणीतरी वरचा माणूस. "वरच्या मानसाचं काय करायचं? त्याचा भाडा घ्यायचा. बाकी त्याच्याशी बोलनार काय?"

यात तथ्य नव्हतं असं मी म्हणणार नाही. तिसऱ्या मजल्यावर एक सिक्युरिटीची नोकरी करणारे मध्यमवयीन गृहस्थ राहायचे. एका दुपारी ते वर गेले, आणि मालकांनी डोळे उघडून सांगितलं की ह्याचा पाय आज रिकामा पडतो. कुणाला काही कळलं नाही. मालकांनी सुनेला उठवून वर पाठवलं. गृहस्थ तापाने फणफणलेले आणि शुद्ध हरपत चाललेली. तिनेच रिक्षा बोलावली, तिनेच त्यांना दवाखान्यात नेऊन दाखल केलं. या प्रसंगानंतर मालकांच्या कानाला गावात मान मिळाला. सुनेला उठवलं होतं, ही गोष्ट कुणाच्या सांगण्यात आली नाही.

सून वाशीच्या एका हॉस्पिटलात स्टाफ नर्स होती. तिच्या रात्रपाळ्या असत, म्हणजे झोप दिवसा. आणि ती झोपायची माजघरात, पडद्याआड, आमच्या सगळ्यांच्या वाटेवर. तिच्यासाठी मालकांनी नियम केला होता: सूनबाय झोपली असली की चपला हातात. पडद्याला बाहेरून लाल रुमाल बांधलेला दिसला की समजायचं. मग माणसं, त्यांत एक कॉलेजचे प्राध्यापकही होते, छातीशी चपला धरून चवड्यांवर माजघर ओलांडत. देवळातसुद्धा आम्ही इतक्या अदबीने वागत नसू. अडचण एवढीच होती, की अनवाणी चवड्यांवरचं पाऊल मालकांना ओळखू यायचं नाही. त्यामुळे आम्ही निःशब्द पलीकडे पोचलो की ओटीवरून खणखणीत आवाज यायचा, "कोन गेला?"

पडद्याआडून कूस बदलल्याचा आवाज येई.

मालकांना थाटमाट सोसत नसे. आमचं जमलं ते बहुधा त्यामुळे. माझा धंदा लोकांची आत्मचरित्रं नीट करून देण्याचा. साठी-पंचाहत्तरीला स्वतःच्या खर्चाने स्वतःचं चरित्र छापून पाहुण्यांना शालीबरोबर वाटणारी माणसं आपल्याकडे बरीच आहेत, आणि त्यांच्या संघर्षातले ऱ्हस्व-दीर्घ सुधारून माझं घर चालतं. मालकांनी मला "मास्तर" ठरवून टाकलं. मी काय लिहितो हे एकदा त्यांना सांगितलं, तर त्यांनी विचारलं, "ही मानसं चालतात कशी, तू बगितलंस?" बघितलं नव्हतं.

शेजारच्यांनी जुनं घर पाडून सात मजली इमारत बांधली तेव्हा घरभरणीला ड्रोन उडवला होता. गल्लीच्या तोंडाशी काळे चष्मे लावलेल्या शुभेच्छुकांचा एवढा मोठा फ्लेक्स लागला, की मूळ घरमालकाचा फोटो कोपऱ्यात पोस्टाच्या तिकिटाएवढा उरला. मालक गेले आणि लगेच परतले. काय झालं विचारलं, तर म्हणाले, "घर नाय भरला, मैदान भरला." मग बऱ्याच वेळाने खरं काय खुपलं ते सांगितलं. त्यांच्यात रीत अशी, की नव्या घरात दिवा न्यायचा तो जुन्या घरातल्या दिव्यावरून पेटवून. तो नव्यात नीट तेवेपर्यंत जुन्याचं दार लावायचं नाही, आणि जुन्यात कुणीतरी बसून राहायचं. शेजाऱ्यांनी जुनं घर आधीच पाडलं होतं. दिवा लायटरने पेटवला.

"जुना उभा नाय, मंग नव्यान दिवा आला कुठनं?" मालक म्हणाले. त्यांनी स्वतः मागचे मजले बांधले तेव्हा जुन्या घराचं दार लावलं नव्हतं. त्यानंतरही कधी लावलं नाही, एवढंच.

माझा लॅपटॉप म्हातारा झाला होता. बटण दाबून मी चहा करायला जायचो, चहा पिऊन कप विसळायचो आणि मग तो उघडायचा. वाशीला एक दुरुस्तीवाला आहे, त्याने खालचं झाकण काढून दाखवलं की आत एक जागा रिकामीच आहे. तिथं एसएसडी, म्हणजे नव्या प्रकारची वेगवान डिस्क बसवा, तिच्यावर लॅपटॉप चालवणारी नवी सिस्टिम टाका, जुनी हार्ड डिस्क फायली ठेवायला राहू द्या. तो करून देत होता, पण मला हौस. एसएसडी घेतली, सिस्टिम पेन ड्राइव्हवर भरून घेतली आणि घरी आलो.

ओटीवर मालकांनी अडवलं. घरात येणारी नवी वस्तू आधी ओटीवर बसते, हा आणखी एक नियम. माझा पंखा बसला होता, गादी बसली होती, प्राध्यापकांचा फ्रीज तर दुपारभर बसून होता. मी एसएसडी काढून दाखवली. च्युइंगगमच्या पट्टीएवढी वस्तू तळहातावर घेऊन मालकांनी ती आधी कानाशी नेली.

"हिचा आवाज नाय."

म्हटलं, आत फिरणारं काही नाही, त्यामुळे आवाज येत नाही.

"मंग चालू हाय का मेली हाय, कलनार कसा?"

सून ड्युटीला जायच्या तयारीत होती. तिने हसत हसत पट्टीच्या खोक्याला हळदकुंकू लावलं. वर वीज नव्हती आणि इन्व्हर्टर ओटीवर, म्हणून मी तिथंच चटईवर लॅपटॉप उलटा करून बसलो. एसएसडी बसवली. सिस्टिम टाकताना जुनी डिस्क सोडवून ठेवावी, असं मी कुठंतरी वाचलं होतं, म्हणून स्क्रू ड्रायव्हर तिच्याकडे नेला. मालकांनी हात आडवा घातला.

"नव्यान अजून काय भरला नाय, आनी जुनीला बाहेर काढतस?"

मी म्हटलं, थोड्या वेळापुरतंच. ते म्हणाले, थोड्या वेळापुरतंही नाही. जुनीने बसून राहायचं. मला दोन्ही बाजू सारख्याच अंधश्रद्धेच्या वाटल्या. एक त्यांची, एक इंटरनेटची. मग वयाला मान देऊन स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला.

पुढचं सोपं होतं. पेन ड्राइव्ह लावला, कुठं टाकायचं असं लॅपटॉपच्या पडद्याने विचारलं, मी नवीवर बोट ठेवलं. जुनीवरच्या चरित्रांना धक्का लागू नये म्हणून ती ओळ तीनदा वाचली. काम झालं आणि लॅपटॉप उघडला तो मी चहाचा विचार करण्याआधी. मालकांवर याचा परिणाम शून्य. त्यांनी कान लावला. आत जुनी डिस्क बारीक घरघरत होती.

"हाय," ते म्हणाले आणि समाधानाने खुर्चीत जाऊन बसले.

काही महिन्यांनी ती घरघर वाढली. डिस्क आता करकरायला लागली, दातांत खडा आल्यासारखी. ती दगावण्याआधी बाहेर काढावी, वेगळ्या डबीत घालून वायरने हवी तेव्हा जोडावी, असं ठरवून मी एका दुपारी वरच्या खोलीत ती सोडवली. लॅपटॉप चालू केला. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांची एक ओळ आली: सुरू होण्यासारखं इथं काही सापडत नाही. डिस्क परत लावली, तर चालू. काढली, तर तीच ओळ. नवी सिस्टिम एसएसडीवर गेली होती, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

वाशीच्या दुरुस्तीवाल्याला फोन केला. त्याने पहिलाच प्रश्न विचारला, "टाकताना जुनी आतच ठेवली होती का?" आणि मग समजावलं. सिस्टिम नवीवर गेली खरी. पण बटण दाबल्यावर मशीन सर्वांत आधी जिथं बघतं, ती चिमूटभर जागा जुनीवर आधीपासून होती. ती दिसल्यावर सिस्टिमने नवी जागा केलीच नाही. सुरुवात तिथूनच ठेवली.

चपला हातात घेऊन, लॅपटॉप काखेत मारून मी खाली उतरलो. पडद्याला लाल रुमाल होता. माजघर ओलांडलं, तशी हाक आली, "कोन?" मी ओटीवर जाऊन हळू आवाजात झालेलं सांगितलं. वाशीला निघालो होतो, पण मालकांनी बसवलं आणि पुन्हा नीट सांगायला लावलं. मीही त्यांना कळेल असं सांगितलं: नव्यात सगळा संसार आहे, पण आत जायचं दार जुन्यात राहिलंय.

मालकांचा चेहरा उजळला. इतके खूश मी त्यांना कधी पाहिले नव्हते.

"मी काय बोल्लो व्हतो? जुन्याबिगर नवा चालत नाय. ह्या पोऱ्याला सांग तुज्या तोंडानं. संध्याकाली येईल तवा सांग."

मी हो म्हणणार, तेवढ्यात पडदा सरकला. सून उभी होती. केस विस्कटलेले, डोळे तांबडे. तिने आधी माझ्या हातातल्या चपलांकडे पाहिलं, मग मांडीवरच्या लॅपटॉपकडे.

"दादा, म्हणजे कोणी काही चालू केलं की दर वेळेला जुनीला उठायला लागतं?"

"हो," मी म्हटलं. "आधी ती, मग बाकी सगळं."

"मग तिला झोप कधी?"

तिने हे काही फार जोरात विचारलं नाही. थोडीशी हसलीही. पाणी पिऊन ती आत गेली आणि पडदा ओढून घेतला. गल्लीतून भंगारवाला ओरडत गेला, तर मालकांनी त्याला हात करून गप्प राहायला सांगितलं. तो बिचारा गोंधळून पुढे गेला.

मग त्यांनी आवाज अगदी खाली आणून विचारलं, "नव्याला सोताचा दार करता येतो?"

"येतो."

"जुनी न मोडता?"

"तिला हातसुद्धा लावावा लागत नाही."

"मंग कर. हितंच कर. मी बगतंय."

वाशीला जायची गरज पडली नाही. दुरुस्तीवाल्याने फोनवर सांगितलं तसं केलं: जुनी डिस्क बाहेर चटईवर ठेवली, पेन ड्राइव्हवरून मशीन सुरू केलं, एसएसडीवर थोडी जागा मोकळी केली, आणि एक आज्ञा लिहून ती सुरुवातीची जागा तिथं करून घेतली. मालक माझ्या खांद्यावरून बघत होते. इंग्रजी आज्ञेतलं त्यांना काही कळत नव्हतं, आणि खरं तर मलाही फार कळत नव्हतं. पेन ड्राइव्ह काढला, बटण दाबलं. लॅपटॉप उघडला.

मालकांनी कान लावला. आत काहीच वाजत नव्हतं. मग चटईवरची जुनी डिस्क उचलून त्यांनी हातात जोखली.

"हिचा आता काय?"

"डबीत घालून ठेवतो. हवं तेव्हा वायरने जोडायची. आतलं सगळं शाबूत आहे."

"कोन हात लावायला जानार हाय?" असं म्हणून त्यांनी ती माझ्याकडे दिली.

संध्याकाळी मुलगा जासईहून आला. मालकांनी सांगितलं होतं ते सांगायला मी मुद्दाम थांबलो होतो, पण त्यांनी मला बोलूच दिलं नाही. मुलगा चपला काढत असतानाच म्हणाले, "मागनं जिना घाल." मुलगा एका पायात चपलेसकट उभा राहिला. त्याने माझ्याकडे पाहिलं, जणू मी बापाला काहीतरी पाजलंय. कारण काय, हे मालकांनी त्याला सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही. स्वयंपाकघरात सून पोळ्या लाटत होती. लाटणं एकदा थांबलं आणि पुन्हा सुरू झालं.

मुलाला घाई होती, बापाचं मन कधी बदलेल याचा भरवसा नव्हता. त्याने लोखंडी जिन्याची ऑर्डर दिली. तो तयार येतो, उभा करून बोल्ट मारले की झालं. मला वाटलं, मालकांच्या पथ्यावरच पडलं. लोखंड वाजतं. मागच्या जिन्यावर मांजर चढलं तरी त्यांना ओटीवर कळेल. ते आतून खूश असतील, आणि म्हणूनच इतक्या सहज कबूल झाले असतील, असा हिशेब मी माझ्या संशयी स्वभावाप्रमाणे मांडून ठेवला.

ऑर्डर मालकांनी रद्द करवली. सिमेंटचाच जिना पाहिजे, आणि तोही मागच्या भिंतीपासून वीतभर सुटा. मुलाने वैतागून विचारलं की लोखंडाला काय झालंय.

"वाजतो," मालक म्हणाले.

जिना व्हायला पावसाळ्याआधीचे सगळे दिवस गेले. उद्घाटन नाही, नारळ नाही. मालकांनी जुन्या जिन्याच्या तोंडाशी असलेलं दार, जे मी कधी लावलेलं पाहिलं नव्हतं, ते लावून घेतलं. पण कडी घातली नाही. त्या दिवसापासून आम्ही खाजणाकडून ये-जा करू लागलो. केकच्या दुकानाशेजारून चढायचं, आपल्या मजल्यावर जायचं, चपला पायातच. लाल रुमाल पडद्यावरून गेला. तो पुढे मी सुनेच्या डब्याभोवती गुंडाळलेला पाहिला.

मालक ओटीवर तसेच बसत. एकदा भाडं द्यायला पुढून गेलो, तर माझ्या पावलाला त्यांनी डोळे उघडले नाहीत, मी बोलल्यावर उघडले. "आता कोन आला, कोन गेला, कलत नाय," ते म्हणाले. तक्रार केली असं वाटलं नाही. हवा कोंदट आहे, हे सांगावं तसं सांगितलं. तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ नोकरी सोडून गावाला गेल्याचं त्यांना आठवड्याने कळलं. त्यांनी मला दोनदा विचारलं, जाताना त्यांची तब्येत कशी होती. मी जिन्यावर कान ठेवणारा माणूस नव्हे. मला सांगता आलं नाही.

मग माझंही जायचं ठरलं. पनवेलकडे जरा मोठी जागा मिळाली. सामान मागच्या जिन्याने उतरवून टेम्पोत भरलं आणि किल्ली द्यायला वळसा घालून पुढे आलो. दुपारची वेळ. घरात सामसूम होती. मी सवयीने चपला काढून हातात घेतल्या.

"घाल," मालक म्हणाले. "सूनबायची आज दिवसाची ड्युटी हाय."

मी किल्ली पुढे केली. त्यांनी घेतली नाही. माजघरापलीकडच्या त्या लावलेल्या दाराकडे बोट केलं.

"मास्तर, आतनं एकदा वर जाऊन ये."

दार ढकललं. जिन्यावर धूळ साचली होती, कुणी तरी कांद्याची पोती ठेवली होती. ती ओलांडून मी वर गेलो. खोलीला कुलूप होतं आणि किल्ली माझ्याच हातात होती. पण उघडून बघावंसं वाटलं नाही. घरी चालतो तसा चालत मी खाली आलो.

मालक खुर्चीत डोळे मिटून बसले होते. मी समोर उभा राहिलो. बाहेर टेम्पोवाल्याने हॉर्न दिला, मग पुन्हा दिला. त्यांनी डोळे न उघडताच हात पुढे केला. मी त्यांच्या तळहातावर किल्ली ठेवली.